वाघाटी, पेन्सिलीनं

पाटोणपाड्याच्या खाली
जिथं ओढ्याचं पाणी जानेवारीत दोरीएवढं उरतं,
तिथल्या गाळाकडे
मथी वरठा बोट न लावता दाखवते:
ह्यो.

मला आधी नुसता गाळ दिसतो.
मग एक कुसकं पान, कुणाच्या तरी चपलेची टाच,
आणि बऱ्याच उशिरानं
चार ठिपके, त्यांच्यामागे फुगीर गादी,
सगळं मिळून माझ्या दोन बोटांखाली झाकेल एवढं.

नखं उमटलेली नाहीत, म्हणजे कुत्र्याचं पिल्लू नाही.
पाचवं बोट नाही, म्हणजे उदमांजर नाही, मुंगूस तर नाहीच.
एक बोट जरा पुढे सरकलेलं, म्हणजे पाय डावा.
गादीच्या मागच्या कडेला तीन उंचवटे.
असं नाही नाही म्हणत आपण मांजरापाशी पोचतो
आणि तिथंच अडकून बसतो.

कारण वर येऊरचे बंगले आहेत
आणि बंगल्यांत मांजरं.
एकाचं नाव बिस्कीट.
दिवसा गाडीच्या टपावर लोळतं,
रात्री कुठं जातं ते मालकांना विचारू नये.
पाय त्याचाही असाच,
चार बोटं, नखं आत.

मी नौपाड्यात दातांच्या लॅबमध्ये आहे.
अकरा वर्षं माणसांचे जबडे ओततेय.
कोण झोपेत दात खातं, कोण एकाच बाजूनं चावतं,
माणूस न बघता सांगते.
म्हणून पिशवीत रबराची वाटी, पातं,
आणि साच्याची पिवळी भुकटी, लॅबमधून विचारून आणलेली.
(विचारून म्हणजे, सांगून.)

ठशाभोवती पुठ्ठ्याचं कुंपण केलं.
कालवण ठशावर नाही, कडेला ओतलं,
आपलं आपण पसरत खळग्यात उतरू दिलं.
घट्ट होताना ते आतून तापतं.
मथीनं तळवा ठेवला, चटकन काढला.
जित्तं हाय, म्हणाली.

तिच्या बापानं पाहिली होती, एकदाच,
काकडाच्या ढोलीत.
किलोभराची नसेल, पण फिसकारली अशी
की हा कोयता टाकून मागे सरला.
अंगावर गंजाचे ठिपके,
डोळ्यांमधून कपाळावर पांढऱ्या रेघा,
शेपटीला मात्र एकही वळं नाही.
शेपटी बघ आधी, तो सांगायचा,
त्वांड नंतर.

गाळात शेपटी उमटत नाही.

मग ठसा घरच्या मांजराचा नाही कशावरून?
मथी हसते. चल, म्हणते.
दुसरा ठसा, तिसरा, चौथा पाण्यात बुडालेला,
पाचवा पैलतीरी.
बिस्कीट असतं तर पाय ओले केले असते का
आणि घराकडे पाठ करून?
सहावा. सातवा अर्धाच.
पुढे कातळ,
आणि कातळ काही लिहून घेत नाही.

खाली घोडबंदर रोडचा आवाज
उकळत्या पातेल्यासारखा.
टॉवरच्या खिडक्या एकेक करून लागतात.
इतक्या घरांत कुणालाच माहीत नाही
की आत्ता या उतारावर
कदाचित कुणी तरी बेडकाच्या मागे आहे.
मलाही माहीत नाही. मी फक्त साचा सोडवते.

उलटा केला तर पाऊल वर आलेलं,
बारकं, गुबगुबीत,
गादीच्या शेजारी एक मुंगी कायमची चिकटलेली.
मथी तेवढी मुंगीच बघत राहिली.

वहीत लिहिलं:
तारीख, वेळ, ओढ्याचा पूर्व काठ.
रुंदी सव्वीस मिलिमीटर.
'प्राणी' या रकान्यात पेनानं काही लिहवेना.
पेन्सिलीनं लिहिलं वाघाटी,
पुढे प्रश्नचिन्ह,
ते जरा जास्तच मोठं झालं.

आता तो साचा लॅबच्या फळीवर आहे,
खोपकरांचा खालचा जबडा
आणि कुणाच्या तरी अक्कलदाढेच्या मध्ये.
प्रधानसरांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं,
हे कुणाचं?
म्हटलं, सर,
पेशंट अजून आलेला नाही.